डोक्यावरील कठीण गाठ : कवटीच्या हाडाची सौम्य अर्बुदे, त्यांचे निदान व उपचार

डोक्यास मार लागून आलेले टेंगूळ चार-आठ दिवसांत ओसरते. केसांखाली वर्षानुवर्षे राहणारे मऊ आवाळूही खेडोपाडी सर्वांच्या परिचयाचे असते. तथापि कधी कधी कपाळावर, भुवईच्या कडेला किंवा टाळूच्या आसपास एक कठीण गाठ येते. ती हाताने हलत नाही, दुखत नाही आणि ओसरतही नाही. केस विंचरताना ती प्रथम हाताला लागते व मग घरात चर्चा सुरू होते. कोणी तिला डाग देण्यास सांगतो, कोणी बिब्बा लावतो, तर कोणी कर्करोगाच्या भीतीने धास्तावून जातो. अशी गाठ पुष्कळदा कवटीच्या हाडातूनच उद्भवलेली असते आणि बहुधा ती कर्करोगाची नसते.

शरीरातील पेशींची गरज नसता होणारी वाढ म्हणजे अर्बुद. जे अर्बुद आपली जागा सोडून अन्य अवयवांत पसरत नाही व ज्याची वाढ सामान्यतः मंद असते, त्यास सौम्य अर्बुद म्हणतात. कवटीच्या हाडाची सौम्य अर्बुदे विरळच आढळतात. मात्र कवटीच्या बाबतीत एक गोष्ट कायम ध्यानात ठेवली पाहिजे. गाठ सौम्य असली तरी तिची जागा सौम्य नसते. हाडाच्या आत मेंदू आहे, समोर डोळे आहेत, बाजूस कान आहेत आणि खाली नाकाच्या पोकळ्या आहेत. सबब घाबरून घाई करणे व निष्काळजीपणे दुर्लक्ष करणे या दोन्ही गोष्टी टाळून प्रथम गाठ ओळखणे, हेच या विकारातील मुख्य सूत्र होय.

कवटीची रचना

कवटी नारळाच्या करवंटीसारखी एकसंध नसते. डोक्याच्या वरच्या भागातील हाडाचे तीन थर असतात. बाहेर एक कठीण पापुद्रा, आत मेंदूच्या बाजूस दुसरा कठीण पापुद्रा आणि या दोहोंच्या मध्ये सच्छिद्र, रक्ताने भरलेला मऊ थर. आतील पापुद्र्यास लागून मेंदूचे जाड आवरण असते. कपाळाच्या हाडात, भुवयांच्या वर, हवेच्या पोकळ्या असून त्या नाकात उघडतात. डोळ्यांच्या मागे कवटीच्या तळाशी हाडातूनच एक अरुंद मार्ग जातो व त्यातून दृष्टीची मज्जातंतू मेंदूकडे जाते.

गाठ यांपैकी कोणत्या थरात आहे यावर पुढील सारे अवलंबून असते. बाहेरच्या पापुद्र्यावरील गाठ बहुधा केवळ दिसण्यात विद्रूप वाटते. आतील पापुद्र्याची गाठ बाहेरून दिसत नाही, पण मेंदूवर दाब आणू शकते. मधल्या थरातील गाठ दोन्ही बाजूंना पसरू शकते. म्हणून बाहेर दिसणाऱ्या उंचवट्यावरून आतील विस्ताराचा अंदाज बांधता येत नाही.

कठीण हाडाची गाठ

कवटीच्या वरच्या भागातील सौम्य अर्बुदांत सर्वाधिक आढळणारे अर्बुद म्हणजे अस्थ्यर्बुद, ज्यास डॉक्टर ‘ऑस्टिओमा’ म्हणतात. ही साध्या हाडाचीच वाढ असते. कित्येकदा ती हस्तिदंतासारखी घट्ट व गुळगुळीत असते. ती बाहेरच्या पापुद्र्यावर येते, अत्यंत मंद गतीने वाढते आणि वरील त्वचा तिच्यावरून मोकळी सरकते. दुखणे क्वचितच असते. अशी लहान गाठ तशीच ठेवली तरी चालते. ती दिसण्यात खुपत असेल किंवा टोपी, चश्मा, डोक्यावरील ओझे यांमुळे त्रास होत असेल, तर ती तासून काढता येते.

कपाळाच्या हवेच्या पोकळीतील अस्थ्यर्बुद मात्र वेगळे वागते. पुष्कळदा ते अन्य कारणासाठी घेतलेल्या चित्रात अकस्मात दिसते व त्याचा काहीच त्रास नसतो. परंतु त्याने पोकळीचे नाकाकडील तोंड अडविल्यास आत स्राव साचतो, वारंवार डोके दुखते, पू होतो किंवा डोळा खाली व बाहेर ढकलला जातो. अशा वेळी शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. जागेनुसार ती नाकातून दुर्बिणीच्या साह्याने किंवा कपाळाच्या बाजूने करण्यात येते.

अस्थ्यर्बुदाविषयी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. एकाच व्यक्तीच्या जबड्यावर, कपाळावर किंवा कवटीवर अशा अनेक गाठी असतील, तर ती केवळ डोक्याची बाब राहत नाही. अमेरिकेतील एल्डन गार्डनर यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी काही कुटुंबांतील अशा गाठींचा आणि मोठ्या आतड्यातील असंख्य लहान मांसल कोंबांचा संबंध दाखवून दिला. या कुटुंबांत काहींना जास्तीचे दातही आढळतात. हा दोष आनुवंशिक असून बाधित आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. उपचार न केल्यास आतड्यातील या कोंबांचा कर्करोगात शेवट होणे जवळजवळ अटळ असते, आणि तेही बहुधा ऐन कर्त्या वयात. हाडाच्या गाठी मात्र कित्येकदा आतड्याची लक्षणे दिसण्यापूर्वी अनेक वर्षे प्रकट होतात. म्हणजेच निरुपद्रवी दिसणारी ही गाठ वेळीच दिलेला इशारा असते. अशा रुग्णाच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी आणि त्याच्या भावंडांची व मुलांचीही तपासणी व्हावी. येथे एका गाठीची नीट दखल घेतल्याने सारे कुटुंब वाचू शकते.

रक्तवाहिन्यांची गाठ

हाडाच्या मधल्या सच्छिद्र थरात बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची गाठ होते. तिला ‘हेमँजिओमा’ म्हणतात. ती पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते आणि विशेषतः कपाळाच्या व त्यामागील बाजूच्या हाडांत येते. साध्या क्ष-किरण चित्रात ती मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार दिसते, किंवा मध्यातून बाहेर सूर्यकिरणांसारख्या रेषा फुटलेल्या दिसतात. तथापि प्रत्येक गाठीत हे ठळक चिन्ह असतेच असे नाही.

या गाठीत सुई खुपसणे किंवा तिचा तुकडा काढणे यात रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून ती काढणे आवश्यक असल्यास सभोवतालच्या थोड्या निरोगी हाडासह एकसंध काढतात. गाठ फार मोठी असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी तिला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आतून बंद करण्याची योजना करता येते. संपूर्ण काढलेली गाठ सहसा पुन्हा उद्भवत नाही.

हाडातील तंतुमय विकार

‘फायब्रस डिसप्लेसिया’ हा विकार काटेकोर अर्थाने अर्बुद नव्हे, पण तो अर्बुदासारखाच दिसतो व त्याच्या जोडीनेच विचारात घेतला जातो. यात निरोगी हाडाच्या जागी तंतूंचे व कच्च्या हाडाचे मिश्रण तयार होते. परिणामी हाड जाड होते, फुगते व चेहऱ्याची एक बाजू हळूहळू बदलत जाते. गर्भाची वाढ होत असताना एका पेशीतील जनुकात घडलेला बदल हे त्याचे कारण होय. हा बदल १९९१ मध्ये ज्ञात झाला. तो आईवडिलांकडून आलेला नसतो व पुढील पिढीत जात नाही. यास्तव मातेच्या आहाराला, ग्रहणाला किंवा कोणाच्या दृष्टीला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

हा विकार एकाच हाडात किंवा अनेक हाडांत असू शकतो. काही मुलांत त्याबरोबर अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे डाग असतात व वयाच्या फार आधी यौवनाची चिन्हे दिसू लागतात. पहिली-दुसरीतील मुलीस पाळी येणे हे असे एक चिन्ह होय. अशा मुलांची ग्रंथींच्या स्रावांसाठीही तपासणी करावी लागते, कारण काही स्रावांचे आधिक्य कवटीतील विकार वाढविते.

पालकांना सर्वांत मोठी चिंता दृष्टीची असते आणि ती रास्त आहे. विकार कवटीच्या तळाशी असल्यास दृष्टीच्या मज्जातंतूचा हाडातील मार्ग अरुंद होतो. पूर्वी असा मार्ग अरुंद दिसताच तो मोकळा करण्याकडे कल होता. पुढील अनुभवातून असे दिसून आले, की चित्रात मार्ग अरुंद असूनही बहुसंख्य रुग्णांची दृष्टी वर्षानुवर्षे उत्तम राहते, तर निरोगी मज्जातंतूवर केलेल्या शस्त्रक्रियेनेच कधी कधी दृष्टी जाते. म्हणून आज दृष्टी चांगली असेल तर केवळ खबरदारी म्हणून शस्त्रक्रिया करीत नाहीत. नेत्रतज्ज्ञाकडून नियमित तपासणी करून लक्ष ठेवतात. मात्र दृष्टी खरोखर कमी होऊ लागल्यास विलंब करीत नाहीत. दृष्टी एकाएकी घटणे ही तर तातडीची अवस्था समजावी.

बहुतेकांत ही वाढ तारुण्यानंतर मंदावते किंवा थांबते. चेहऱ्याचा आकार सुधारण्याची शस्त्रक्रिया शक्यतो त्यानंतरच करतात, कारण वाढीच्या वयात तासलेले हाड पुन्हा वाढण्याचा संभव असतो. वेदना असल्यास औषधे देता येतात. किरणोपचार मात्र या विकारात वर्ज्य आहेत, कारण त्यांमुळे सौम्य विकाराचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका वाढतो.

लहान मुलांतील गाठी

मुलांच्या डोक्यावरील गाठींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. गर्भावस्थेत त्वचेचा एखादा कण हाडाच्या सांध्यात अडकून राहिल्यास पुढे त्याची पिशवीसारखी गाठ होते. भुवईचे बाहेरील टोक, टाळू आणि नाकाचे मूळ या तिच्या नेहमीच्या जागा होत. भुवईच्या टोकाची गाठ बहुधा साधी असते. मध्यरेषेवरील, विशेषतः नाकाच्या मुळाशी असलेली गाठ मात्र काही मुलांत हाडातील बारीक छिद्रातून आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असते. तेथे एखादे छोटे भोक किंवा त्यातून बाहेर आलेला केस दिसल्यास तर्क अधिक दृढ होतो. अशी गाठ पिळल्यास, चिरल्यास किंवा तिच्यात पू झाल्यास जंतू थेट मेंदूपर्यंत पोहोचतात. उलट, आतील विस्तार आधी पाहून ती तिच्या आवरणासह संपूर्ण काढल्यास मूल कायमचे बरे होते.

मध्यरेषेवरील मऊ गाठ मूल रडताना फुगत असेल अथवा तिच्यात ठोके जाणवत असतील, तर ती गाठ नसून हाडातील जन्मजात फटीतून बाहेर आलेले मेंदूचे आवरण असू शकते. तिला सुई लावणे म्हणजे प्राणाशी गाठ आहे.

शाळकरी वयात कधी कधी डोक्यावर दुखरी गाठ काही आठवड्यांतच उद्भवते आणि चित्रात हाडाला पंचने पाडल्यासारखे भोक दिसते. हा बहुधा विशिष्ट संरक्षक पेशींच्या वाढीचा विकार असतो. एकाच हाडात असल्यास तो थोड्या उपचाराने, कित्येकदा आपोआपही बरा होतो. तथापि मुलास अति तहान लागत असेल व वारंवार लघवी होत असेल, तर तो विकार अन्यत्रही पसरला असल्याचा संशय घेऊन संपूर्ण तपासणी करावी.

निदान कसे होते

डॉक्टरांचे पहिले साधन प्रश्न हेच होय. गाठ केव्हा दिसली, किती वेगाने वाढली, दुखते का, पूर्वी मार लागला होता का, ताप आहे का, स्तन, फुप्फुस, गलग्रंथी किंवा प्रोस्टेट यांचा कर्करोग पूर्वी झाला होता का, या प्रश्नांच्या उत्तरांतून निम्मे निदान होते. जुन्या छायाचित्रांचा येथे चांगला उपयोग होतो. विवाहातील किंवा शाळेतील दहा वर्षांपूर्वीच्या छायाचित्रातही तोच उंचवटा दिसत असेल, तर वाढ मंद आहे हे सिद्ध होते.

त्यानंतर चित्रण. विल्हेल्म राँटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यावर जिवंत माणसाचे हाड प्रथमच पाहता आले. परंतु साध्या चित्रात कवटीची पुढची-मागची हाडे एकमेकांवर पडलेली दिसतात. ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने दूर केली. १९७१ साली लंडनमध्ये त्याने पहिल्या रुग्णाचे चित्रण झाले व १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र हाडाचे पातळ काप घेतल्यासारखी चित्रे देते. गाठ कोणत्या थरात आहे, तिची कड रेखीव आहे की कुरतडलेली, आतील पापुद्रा शाबूत आहे की नाही, हे त्यात स्पष्ट होते. अस्थ्यर्बुद घट्ट पांढरे दिसते. तंतुमय विकार दुधी काचेसारखा धूसर दिसतो. त्वचेच्या कणापासून झालेल्या गाठीभोवती रेखीव पांढरी कड असते.

एमआरआय तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. मेंदू, त्याचे आवरण व मज्जातंतू यांवर गाठीचा परिणाम झाला आहे काय, हे तीत उत्तम दिसते. मेंदूच्या आवरणातील अर्बुदामुळे वरचे हाड जाड होते व बाहेरून ते हाडाचेच अर्बुद वाटते. हा भ्रम याच तपासणीने दूर होतो.

सौम्य वाटणाऱ्या प्रत्येक गाठीत काही गोष्टी आधी वगळाव्या लागतात. प्रौढ व वृद्ध व्यक्तींत नव्याने आलेली, दुखरी, वेगाने वाढणारी गाठ अन्य अवयवांच्या कर्करोगातून हाडात आलेली असू शकते. अस्थिमज्जेच्या कर्करोगातही कवटीत भोके पडतात. क्षयरोग क्वचित कवटीच्या हाडात होतो व तेथे न दुखणारा मऊ फुगवटा येतो. त्यावर क्षयरोगाची औषधेच मुख्य उपचार होत. सर्दी व डोकेदुखीनंतर तापासह कपाळावर मऊ सूज आली, तर ती हाडातील पू असू शकते. इंग्लंडचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी अठराव्या शतकात तिचे वर्णन केले. तिच्या नावात ट्यूमर हा शब्द असला तरी ते अर्बुद नव्हे. तीत एक दिवसाचाही विलंब धोक्याचा असतो.

उपचाराचे तीन मार्ग

पहिला मार्ग लक्ष ठेवण्याचा. गाठ निश्चितपणे सौम्य, लहान व त्रासरहित असल्यास ठरावीक काळाने तपासणी करणे हाच उपचार होय. डॉक्टरांनी काही केले नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. गाठ वाढत असेल, दुखत असेल, विद्रूपता आणत असेल, मेंदू किंवा डोळ्यावर दाब आणत असेल अथवा निदानाविषयी शंका उरली असेल, तर ती काढतात. छेद शक्यतो केसांत घेतला जातो, त्यामुळे व्रण दिसत नाही. बाहेरच्या पापुद्र्यावरील अस्थ्यर्बुद तासून काढणे पुरते. पूर्ण जाडीचे हाड काढावे लागल्यास उरलेली खिडकी टायटॅनियमच्या जाळीने, हाडासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम सिमेंटने किंवा रुग्णाच्या स्वतःच्या हाडाने बुजवितात. स्वतःचे हाड मिळविण्याची युक्ती कवटीच्या रचनेतच आहे. निरोगी भागातील हाडाचे दोन पापुद्रे वेगळे करून एक जागेवर ठेवतात व दुसरा खिडकीवर बसवितात.

तिसरा मार्ग औषधांचा. तो केवळ काही विकारांत लागू पडतो. लेप, डाग, मालीश किंवा काढा यांनी हाडाची गाठ विरत नाही. डाग दिल्याने मात्र त्वचा जळते, जखमेत जंतू शिरतात व पुढील शस्त्रक्रिया अवघड होते.

काढलेला प्रत्येक भाग सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठविला गेला पाहिजे. अंतिम निदान त्यावरच ठरते. तो अहवाल, चित्रे व रुग्णालयाचे कागद कुटुंबाने जपून ठेवावेत. पाच-दहा वर्षांनी पुन्हा शंका आल्यास तेच कागद उपयोगी पडतात.

गावपातळीवर काय करावे

आरोग्यसेविका, शिक्षक, ग्रामसेवक व पंच यांच्या दृष्टीस अशी व्यक्ती कित्येकदा डॉक्टरांच्या आधी पडते. त्यांनी पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

१. हाडाला घट्ट चिकटलेली व दोन-तीन आठवड्यांत न ओसरलेली गाठ प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. ती दाबू, पिळू, चिरू किंवा डागू नये.

२. ताप, सतत डोकेदुखी व उलट्या, झटका, डोळा पुढे येणे, एकाची दोन दिसणे किंवा दृष्टी घटणे यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

३. फळ्यावरील अक्षरे एका डोळ्याने वाचण्यासाठी मान वाकडी करणारे किंवा चेहऱ्याची एक बाजू फुगत चाललेले मूल शिक्षकांनी हेरावे. पाठीमागील बाकावर बसवून ‘अभ्यासात मंद’ अशी नोंद करण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

४. जबड्यावर व कपाळावर अनेक कठीण गाठी असल्यास घराण्यात आतड्याचा आजार होता काय याची चौकशी करून ती माहिती डॉक्टरांना द्यावी.

५. विद्रूपतेमुळे मुलास चिडविले जात असल्यास वर्गातच त्याला आळा घालावा. हा विकार स्पर्शाने पसरत नाही.

आरोग्य केंद्रातून रुग्ण जिल्हा रुग्णालयात व तेथून मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात जातो. गोव्यात १८४२ साली वैद्यकशिक्षणाची संस्था स्थापन झाली व तिची परंपरा आज बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय चालवीत आहे. उपचाराच्या सोयी आज पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत. अंतर उरले आहे ते बहुधा गाठ दिसल्यापासून ती दाखविण्यापर्यंतचे. भीती, संकोच व ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ ही वृत्ती यांमुळे ते लांबते. डोक्यावरील कठीण गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवीच ठरेल. पण ती निरुपद्रवी आहे हे तपासणीने ठरावे, अंदाजाने नव्हे.